तारखांची साक्ष: साहेबांचे पगार आणि आकड्यांचं संशोधन

रेघोट्या (धागाकर्ती)

गेली तीन वर्षं मी पीएचडीसाठी कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगारावर काम करते आहे. वार्षिक अहवालांच्या पीडीएफ उघडायच्या, मोबदल्याचं परिशिष्ट शोधायचं आणि आकडे तक्त्यात भरायचे, असा दिवस जातो. मागच्या आठवड्यात आत्याने विचारलं, "दुसऱ्यांचे पगार मोजून काय मिळतं गं?" जेवताना तिला साहेबांच्या स्टॉक ऑप्शनच्या तारखांची जी गोष्ट सांगितली तीच इथे जरा सविस्तर लिहिते. या गोष्टीमुळेच मी या विषयात आले.

आधी स्टॉक ऑप्शन म्हणजे काय ते. समजा आज शेअर १०० रुपयांना आहे. कंपनी साहेबांना लिहून देते, "पुढच्या दहा वर्षांत तुम्ही आमचा शेअर कधीही घ्या, भाव १०० रुपयेच लागेल." शेअर २५० वर गेला तर प्रत्येक शेअरमागे १५० रुपये साहेबांचे. ८० वर आला तर साहेब कागद बाजूला ठेवतात. वाटपाच्या दिवशीचा बाजारभाव हीच खरेदीची किंमत धरायची, अशी अमेरिकेत रूढ पद्धत होती. म्हणजे सगळा खेळ वाटपाच्या तारखेवर.

हे ऑप्शन इतके वाढले कसे, त्याचीही कथा आहे. १९९० साली मायकेल जेन्सन आणि केव्हिन मर्फी या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की अमेरिकेत भागधारकांची संपत्ती १००० डॉलरनी वाढली, तर सीईओच्या संपत्तीत जेमतेम ३ डॉलर २५ सेंटची भर पडते. साहेबांच्या नशिबाची कंपनीच्या नशिबाशी गाठच नाही, ती घट्ट बांधा, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९९३ साली तिथे करकायदा बदलला. वरच्या अधिकाऱ्यांच्या पगारातला १० लाख डॉलरच्या पुढचा भाग कंपनीला खर्च म्हणून वजा करता येईना, पण कामगिरीशी जोडलेला मोबदला त्यातून वगळला होता. बाजारभावाने दिलेले ऑप्शन त्या सवलतीत बसत. पुढे दशकभर ऑप्शनचा पाऊस पडला.

१९९७ साली डेव्हिड यर्मॅक या संशोधकाने मोठ्या कंपन्यांच्या सीईओंना मिळालेली ६२० वाटपं तपासली. वाटप झालं की त्यानंतर शेअर वर जाताना दिसे. त्यांनी अर्थ असा लावला की चांगली बातमी येणार हे साहेबांना आधीच माहीत असतं, म्हणून बातमी फुटण्याच्या तोंडावर ते ऑप्शन पदरात पाडून घेतात. पटण्यासारखं आहे. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान डोलावली होती.

मग एरिक ली आले. मूळचे नॉर्वेचे, आयोवा विद्यापीठात प्राध्यापक. २००५ साली त्यांनी १९९२ ते २००२ या काळातली ५,९७७ वाटपं घेतली आणि वाटपाच्या दिवसाभोवतीचा आलेख काढला. वाटपाआधी शेअर उतरत येतो, नेमक्या त्या दिवशी तळाला टेकतो आणि दुसऱ्या दिवसापासून चढू लागतो. जितकी वर्षं पुढे जावं तितका हा खळगा खोल.

इथवर "आतली बातमी" हे स्पष्टीकरण कसंबसं टिकतं. लींनी त्यापुढे एक साधी गोष्ट केली आणि तिच्यासाठी मी या माणसाला मनोमन नमस्कार करते. त्यांनी शेअरच्या चढउताराचे दोन भाग पाडले. एक कंपनीचा स्वतःचा, दुसरा बाजाराच्या लाटेबरोबर आलेला. तर लाटेचा भागसुद्धा वाटपाआधी खाली आणि वाटपानंतर वर! स्वतःच्या कंपनीची बातमी साहेबांना माहीत असू शकते. सगळा बाजार उद्यापासून उसळणार आहे हे हजारो साहेबांना एकदम कसं कळेल? त्याचं एकच सरळ उत्तर उरतं. तारीख नंतर, मागे वळून, भावांचा तक्ता समोर ठेवून निवडली गेली असणार. निदान काही वाटपांत तरी.

कुणी फितूर झालं नव्हतं, कुठे छापा पडला नव्हता. तारखा आणि भाव सगळ्यांना उपलब्ध होते, यर्मॅक यांच्याही समोर होते.

हे पडताळलं कसं, ते त्याहून सुंदर आहे. २९ ऑगस्ट २००२ पासून अमेरिकेत नियम आला की ऑप्शन मिळाले की कामकाजाच्या दोन दिवसांत कळवायचं. त्याआधी काही प्रकारच्या वाटपांची माहिती आर्थिक वर्ष संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत दिली तरी चाले. रँडल हेरॉन आणि ली यांनी २००७ साली नियमाआधीची आणि नंतरची वाटपं शेजारी ठेवली. तारीख खरंच मागे ढकलली जात असेल, तर नव्या नियमानंतर खळगा बुजायला हवा. तो बराचसा बुजला. उरला तो बहुतांशी वाटप आणि कळवणं यांच्यामधल्या दिवसांत, आणि ज्यांनी नियम मोडून उशिरा कळवलं त्यांच्यात तर तो जास्त दिवस टिकून होता. आतल्या बातमीचं स्पष्टीकरण खरं असतं, तर कळवायच्या मुदतीशी त्याचा काय संबंध?

आत्या म्हणाली, "म्हणजे हजेरीपट मागाहून भरणाऱ्या शिपायासारखंच की." ती चाळीस वर्षं शाळेत होती.

---

अर्धविराम

उत्तम धागा. पुण्यात आयटीत आहे, माझ्याकडेही थोडे ईएसओपी, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारे असेच ऑप्शन आहेत म्हणून प्रश्न विचारतो. बाजारात १३० चालू असताना कंपनीला १०० च्या भावाने द्यायचंच असेल तर उघड द्यावं. तारीख मागची घालायची गरज काय? आणि स्वस्तात देणं हा गुन्हा आहे का?

---

जुना_सेक्रेटरी

अर्धविराम, प्रश्न नेमका विचारलात. स्वस्तात देणं गुन्हा नाही. गुन्हा खोट्या तारखेत आहे.

त्या काळच्या अमेरिकी हिशेबपद्धतीत बाजारभावाने दिलेला ऑप्शन नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवावा लागत नसे. १३० चा शेअर १०० ला दिला, तर ३० चा फरक खर्चात धरावा लागे. १ लाख ऑप्शन असतील तर ३० लाखांनी नफा कमी. शिवाय असा सवलतीचा ऑप्शन "कामगिरीशी जोडलेला" ठरत नसे, म्हणजे करसवलतही गेली. तारीख मागे नेली की तिन्ही साधतं. साहेबांना पैसे, कंपनीला फुगलेला नफा आणि भागधारकांना "आम्ही बाजारभावानेच दिले" हे खोटं आश्वासन.

मी एकतीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून, म्हणजे सभा, इतिवृत्तं आणि कायद्याच्या नोंदी सांभाळायचं काम केलं, आता ठाण्यात निवृत्त आहे. तारीख मागे कशी जाते हे मी जवळून पाहिलं आहे. ऑप्शन आमच्याकडे नव्हते, पण नोकरीच्या सुरुवातीच्या एका कंपनीत साहेबांचा निरोप यायचा, "इतिवृत्तात एक पान कोरं ठेवा." सभा झालेली असायची, ठराव व्हायचा बाकी असायचा. दीड महिन्याने त्या पानावर ठराव उतरायचा आणि तो त्या दिवशी झाला असं जग मानायचं. मी एकदा पान कोरं ठेवलं. वय सव्वीस होतं, घरी धाकट्या बहिणीचं लग्न होतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा राजीनामा दिला. पण पहिल्यांदाचं ते पान अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून ताईंचा लेख वाचून अंगावर काटा आला. खोलीत चार माणसं असतात, चारही गप्प बसतात. तरी शेअरच्या भावाचा आलेख बोलतो, हे मला माहीत नव्हतं.

---

पुरावा_हवा

वकील आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ५,९७७ वाटपांची सरासरी काढून "काही वाटपं मागच्या तारखेची आहेत" असं म्हणता येतं. पण त्यातलं अमुक वाटप खोटं आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. नशिबाने तळाच्या दिवशी वाटप झालेला एखादा प्रामाणिक माणूसही त्या यादीत असेल. कोर्टात त्याचं काय करणार? अशा अभ्यासावरून वर्तमानपत्रं नावं छापू लागली तर ते मला अन्यायाचं वाटतं.

---

रेघोट्या

पुरावा_हवा, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि लींनीही कुणाचं नाव घेतलं नव्हतं. हेरॉन आणि ली यांनी २००९ साली अंदाज दिला तोही टक्केवारीचाच. १९९६ ते २००५ मधल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाटपांपैकी १३.६ टक्के मागच्या तारखेची किंवा अन्य प्रकारे हाताळलेली. आणि कधी ना कधी असं केलेल्या कंपन्या २९.२ टक्के. त्यांची रीत अशी की वाटपानंतर शेअर वर गेलेली उदाहरणं आणि खाली गेलेली उदाहरणं मोजायची. तारीख प्रामाणिक असेल तर दोन्ही साधारण निम्मी-निम्मी हवीत. जितकं पारडं झुकलं तितका घोळ. यात कुठलं वाटप खोटं हे कळत नाही, किती खोटी हे कळतं.

नावं पुढे आली ती वेगळ्या वाटेने. १८ मार्च २००६ ला वॉल स्ट्रीट जर्नलने काही सीईओंच्या वाटपांच्या तारखा एकेक करून तपासल्या आणि इतका योग निव्वळ नशिबाने जुळण्याची शक्यता किती, ते छापलं. त्या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. मग शंभराहून जास्त कंपन्यांच्या चौकश्या झाल्या आणि तिथे ईमेल, इतिवृत्तं, साक्षीदार असा तुमच्या कोर्टाला लागणारा पुरावा निघाला. युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा कंपनीचे सीईओ विल्यम मॅग्वायर पायउतार झाले आणि डिसेंबर २००७ मध्ये ४६.८ कोटी डॉलरची तडजोड झाली. कॉमव्हर्स या तंत्रज्ञान कंपनीचे सीईओ कोबी अलेक्झांडर नामिबियात निघून गेले, दहा वर्षांनी २०१६ साली परतले आणि २०१७ साली त्यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली.

माझ्या मते आकड्यांनी कुठे खणायचं ते सांगावं, खणण्याचं काम तपासयंत्रणेने करावं.

---

पुरावा_हवा

या वाटणीला माझी हरकत नाही. एक भर घालतो. ब्रोकेड या तंत्रज्ञान कंपनीचे माजी सीईओ ग्रेगरी रेयेस २००७ साली दोषी ठरले, २००९ साली सरकारी वकिलांच्या गैरवर्तनामुळे तो निकाल रद्द झाला, आणि २०१० साली फेरखटल्यात ते पुन्हा दोषी ठरले. पुरावा असूनही खटला नीट चालवणं किती अवघड असतं, याचं हे उदाहरण.

---

दूरदेशी

आयोवात, सीडर रॅपिड्सला राहते. लींचं विद्यापीठ इथून अर्ध्या तासावर आहे. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावातून वॉल स्ट्रीटला जाब विचारला गेला, याचा मला इथे राहून उगाच अभिमान वाटतो.

पण सगळा पगार लबाडीचा, असा सूर धाग्यात येऊ नये. झेव्हियर गॅबे आणि ऑगस्टिन लँडिए या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली दाखवलं की १९८० ते २००३ मध्ये अमेरिकेत सीईओंचा पगार साधारण सहापट झाला आणि त्याच काळात मोठ्या कंपन्यांचं बाजारमूल्यही साधारण सहापट झालं. त्यांचं म्हणणं असं की दोन साहेबांच्या कुवतीत अगदी बारीक फरक असला तरी प्रचंड कंपनीत तो प्रचंड रकमेचा होतो, म्हणून कंपन्या जास्त मोजायला तयार होतात. मोठ्या मैफलीला मोठा गवय्या लागतो, तसं काहीसं.

---

रेघोट्या

दूरदेशी, हे सांगितलंत ते बरं केलंत. कुवतीला मोल मिळतं, हे मीही नाकारत नाही. पण त्यात नशीब किती, हे मोजणारा एक अभ्यास याच्या शेजारी ठेवायला हवा. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००१ साली अमेरिकेतल्या तेल कंपन्या घेतल्या. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, एखाद्या सीईओच्या हातात तो नसतो. तरी भाव चढला की पगार चढे. म्हणजे पाऊस चांगला झाला म्हणून शेताच्या मुकादमाला बक्षीस. आणि ज्या कंपन्यांच्या संचालक मंडळात मोठा भागधारक स्वतः बसलेला होता, तिथे हा नशिबाचा पगार कमी होता. मालक बांधावर उभा असला की फरक पडतो.

---

चाकणकर

मी एचआरमध्ये आहे, चाकणच्या एमआयडीसीत. अमेरिकेचं झालं, आपल्याकडचं सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा पगार हा कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, ते जाहीर करावं लागतं. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचा पगार.

या पटीवरून पेपरात बातम्या येतात, पण ती ज्या आकड्यावर उभी आहे तो मी स्वतः तयार केला आहे. माझ्या आधीच्या कंपनीत शॉपफ्लोअरवरची बहुतेक माणसं कंत्राटी होती. ती कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर, त्यामुळे रांगेत धरलीच नाहीत. रांगेत उरले इंजिनिअर, ऑफिसचे लोक आणि थोडे कायम कामगार. मधला माणूस आपोआप चांगल्या पगाराचा निघाला आणि साहेबांची पट लहान दिसली. नियमात बसत होतं. पण त्याच गेटमधून, तेच बूट घालून येणारी शेकडो पोरं त्या हिशेबात नव्हती, आणि फाईल पुढे पाठवताना माझा हात जड झाला होता.

ताई, तुमच्या तक्त्यात हे कसं धरता?

---

रेघोट्या

चाकणकर, तुमचा प्रतिसाद माझ्या प्रबंधातल्या एका अख्ख्या प्रकरणाइतका मोलाचा आहे. पट जशीच्या तशी घेऊन दोन कंपन्यांची तुलना करणं चूक आहे, हे मी मान्य करते. व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालात, म्हणजे बीआरएसआरमध्ये, मोठ्या कंपन्या कायम आणि इतर कर्मचारी-कामगारांची संख्या वेगळी देतात. ती शेजारी घेतली की कुणाची पट कशामुळे लहान दिसते याचा अंदाज येतो. एकाच कंपनीची वर्षावर्षांची तुलना त्यातल्या त्यात सुरक्षित, पण मध्येच कंत्राटी भरती वाढली तर तीही फसते.

भारतातला मुख्य प्रश्न ऑप्शनचा नाहीच, असं माझं मत होत चाललं आहे. आपल्याकडे नोंदलेल्या कंपन्यांत प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्यांना, ईएसओपी देता येत नाहीत. प्रवर्तक पगार घेतो, आणि तो पगार ठरवणाऱ्या सभेत सर्वात मोठं मतही त्याचंच असतं. शिवाय पगार हा बाहेर जाणाऱ्या पैशाचा एकच नळ. बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लैनाथन यांनी २००२ साली भारतीय उद्योगसमूहांवर अभ्यास केला, मुंबईच्या सीएमआयई या संस्थेच्या 'प्रोवेस' या कंपन्यांच्या माहितीसाठ्यावर. एका उद्योगात अचानक नफा झाला तर तो समूहातल्या कुठल्या कंपनीपर्यंत झिरपतो आणि कुठे अडतो, हे त्यांनी पाहिलं. प्रवर्तकाचा वाटा जिथे कमी, तिथून पैसा वाटा जास्त असलेल्या कंपनीकडे सरकतो, असा त्यांचा निष्कर्ष. दहा वर्षांनी, २०१२ साली, जॉर्डन सीगल आणि पृथ्वीराज चौधरी यांनी त्याची फेरतपासणी केली. समूहातल्या कंपन्यांची व्यवसायाची रीतच वेगळी असते हे लक्षात घेतलं की तो निष्कर्ष टिकत नाही, असं त्यांनी म्हटलं. दोन्ही निबंध मी ओळीओळीने वाचले आहेत, आणि माझा कल अजून पहिल्याकडे आहे. पण दुसऱ्याने उपस्थित केलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय मी माझं प्रकरण जमा करणार नाही.

---

वामकुक्षी

नागपूरहून. छोटा गुंतवणूकदार, बँकेतून निवृत्त. प्रवर्तकाचंच मत सर्वात मोठं, हे खरं आहे. पण पगाराच्या काही ठरावांना विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या तिप्पट मतं बाजूने हवीत. तिथे आपल्यासारख्यांचं आणि म्युच्युअल फंडांचं चालतं.

२०१४ साली टाटा मोटर्समध्ये तसं झालं. त्या वर्षी भारतातल्या कंपनीचा स्वतःचा नफा पगाराच्या कायदेशीर मर्यादेला पुरेना, तिच्या मालकीची ब्रिटिश कंपनी जग्वार लँड रोव्हर धरून एकत्रित नफा मात्र भरघोस. म्हणून रवींद्र पिशारोडी, सतीश बोरवणकर आणि दिवंगत कार्ल स्लिम या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्यासाठी विशेष ठराव आणले आणि तिन्ही पडले. टाटांचा ठराव पडतो हे वाचून मी वर्तमानपत्र दोनदा वाचलं होतं. पुढे कंपनीने भागधारकांना समजावलं आणि जानेवारी २०१५ मध्ये ते टपाली मतदानाने मंजूर झाले. मला त्यात दोन्ही वेळा भागधारक बरोबर वाटले.

२०२१ साली आयशर मोटर्सचंही तसंच. व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांची फेरनियुक्ती आणि पगार एकाच विशेष ठरावात बांधले होते, ७५ टक्के मतं मिळाली नाहीत. मग मंडळाने पगाराची कमाल मर्यादा नफ्याच्या दीड टक्क्यावर आणली, नेमणूक आणि पगार वेगळे केले, आणि ठराव पास झाले. माणूस हवा होता, पगार जास्त वाटत होता. लोकांना वेगवेगळं विचारलं तेव्हा लोकांनी वेगवेगळं उत्तर दिलं.

एक अडचण. वर्षाला १ कोटी २ लाखांच्या वर पगार असलेल्यांची यादी कायद्याने द्यावी लागते म्हणतात, पण माझ्याकडे येणाऱ्या एकाही अहवालात ती नसते. कुठे असते?

---

जुना_सेक्रेटरी

वामकुक्षी साहेब, संचालकांच्या अहवालात शेवटाकडे एक वाक्य शोधा. "कलम १३६ नुसार हे विवरण वगळून अहवाल पाठवला आहे, इच्छुक भागधारकाने कंपनी सेक्रेटरीला लिहावं," अशा अर्थाचं असतं. आमच्या कारकिर्दीत असं पत्र वर्षाला एखादं यायचं, काही वर्षी तेही नाही. एक शेअर असला तरी मागता येतं. फोलिओ किंवा डीमॅट खात्याचा क्रमांक, "कलम १९७ (१२) आणि नियम ५ (२), ५ (३) खालील विवरण" हे शब्द, आणि आर्थिक वर्ष एवढं ईमेलमध्ये लिहा. कारण सांगायची गरज नाही.

रेघोट्या ताई, तुमच्यासाठी एक. १ जुलै २०१५ पासून सचिवीय मानकानुसार, म्हणजे सभांच्या कामकाजासाठीच्या बंधनकारक नियमांनुसार, सभेचं इतिवृत्त ३० दिवसांच्या आत पुस्तकात उतरवावं लागतं, आणि ते ज्या दिवशी उतरवलं ती तारीखही लिहावी लागते. सभेची एक तारीख, नोंदीची दुसरी. तुमच्या त्या प्राध्यापकांनी अमेरिकेत वाटप आणि कळवणं यांमधलं अंतर मोजलं, तसंच हेही अंतर आहे. मंडळाचं इतिवृत्त बाहेरच्याला पाहायला मिळत नाही, पण संचालक मंडळाचे निर्णय शेअर बाजाराला कळवल्याची वेळ मिनिटासकट संकेतस्थळावर असते.

---

रेघोट्या

काका, ती वेळ मी आजवर तक्त्यात घेतलीच नव्हती. उद्यापासून एक रकाना वाढवते.

---

वामकुक्षी

चार कंपन्यांना ईमेल आत्ताच पाठवले. उत्तरं आली की इथेच टाकतो.